दूर्वांच्या जुडीतले दोन ढालकिडे

मसुराच्या दाण्याएवढा एक तपकिरी किडा घ्या. पाठीवर दोन फिकट ठिपके, बोट लावलं की सडक्या कोथिंबिरीचा वास. आता त्याच्या शेजारी दुसरा ठेवा. हाही मसुराच्या दाण्याएवढा, हाही तपकिरी, यालाही दोन ठिपके, आणि वास असा की पहिला बरा वाटावा. हे दोघं वेगळे आहेत की एकच, एवढ्या प्रश्नात चंदीगडमध्ये माझी दोन वर्षं गेली. आमच्या मेहकरला तुरीच्या शेंगांवर असल्याच घराण्यातला किडा बसतो. त्याला ढेकण्या म्हणतात, चपलेखाली घेतात आणि पुढच्या कामाला लागतात. इथं पाठीचं कवच ढालीसारखं म्हणून त्यांना ढालकिडे म्हणतात आणि त्यांच्यामागे पळायला माणूस पगारावर ठेवतात. तो पगारी माणूस म्हणजे मी. पदाचं नाव प्रोजेक्ट असिस्टंट, काम जाळी घेऊन गवतात फिरायचं.

त्यांना मोठी लॅटिन नावं आहेत, पण ती घेताना जिभेला गाठ पडते. मी माझी नावं ठेवली. एकाचे ठिपके मोठे, गोल, पिवळसर. हेडमास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवून ठेवावा तसे. तो चष्मेवाला. दुसऱ्याचे ठिपके टाचणी टोचल्याएवढे. तो टाचणीवाला.

चष्मेवाला हा अगदी बिनडोक प्राणी. गवताच्या तुऱ्यावर भर उन्हात, सगळ्यांना दिसेल असा बसतो, आणि सावली पडली की सहाही पाय पोटाशी घेऊन दणकन खाली पडतो. मेल्याचं सोंग करतो. तेही कुठं, तर ज्यानं सावली पाडली त्याच्याच बुटावर. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न विचारला की आमच्या कॉलेजातली पोरं जशी जमिनीकडे बघत गप्प व्हायची, तसा. त्यांनाही वाटायचं की आपण हललो नाही तर सर आपल्याला विसरतील.

टाचणीवाला जास्त नालायक. तो पडत नाही. तुम्ही इकडून बघितलं की तो काडीच्या पलीकडे सरकतो, तुम्ही पलीकडे गेलात की तो इकडे येतो. लग्नात नको असलेला नातेवाईक समोर आला की काही माणसं एकदम पंख्याचा स्पीड बघायला लागतात ना, ती याच्या वळणावर गेलेली असतात.

दोघांची नक्कल मी लॅबमध्ये करायचो. चष्मेवाला करताना टेबलाखाली पाय वर करून पडायचं, टाचणीवाला करताना खांबाआड फिरत राहायचं. बघायला एकच माणूस असायचं, ताई.

ताई म्हणजे लॅबमधली पीएचडीची सीनियर. तिचे वडील एअर फोर्समधून निवृत्त होऊन पिंजौरला घर बांधून राहिले, मूळ गाव साताऱ्याकडचं. ती रोज पिंजौरहून बसनं यायची. तिला मराठी शंभर टक्के कळायचं, पण बोलायची नाही. मी मराठीत बोलायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि आमचं त्यात मस्त चालायचं. लहानपणी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ती काहीतरी चार वाक्यं बोलली होती आणि पुढच्या रांगेतल्या बायका तिच्या उच्चारांवर तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. तेव्हापासून तिनं मराठीला कुलूप घातलं. मंडळातल्या लोकांना असं कुणाला तरी कायमचं गप्प करायला फार कष्ट पडत नाहीत.

आणि मग सर. तिचे गाइड, माझे साहेब. पुण्याचे, पण अर्धं आयुष्य चंदीगडमध्ये गेलेलं, त्यामुळे त्यांची मराठी म्हणजे पुणेरी पातेल्यात शिजवलेला राजमा. सरांची नक्कल सगळ्यात सोपी. चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकानं पुसायचा, छताकडे बघायचं आणि म्हणायचं, "देखो, असं आहे ना." त्यानंतर काय म्हणायचं याला महत्त्व नाही, कारण सरही ते तेव्हाच ठरवतात.

सरांचं मत होतं की चष्मेवाला आणि टाचणीवाला एकच. चांगलं गवत खाल्लं की ठिपका मोठा, हलकं खाल्लं की बारीक. हे त्यांनी तरुणपणी कुठंतरी छापलं होतं आणि तेव्हापासून त्यांनी दोघांपैकी एकाकडेही वाकून बघितलेलं नव्हतं. आम्ही फोनवर फोटो पाठवायचो, ते अंगठ्याचं चित्र पाठवायचे. ताईच्या प्रबंधातलं एक आख्खं प्रकरण नेमकं याच्या उलट होतं, की या दोन वेगळ्या जाती आहेत. तिला मुदत वाढवून मिळाली होती, तीही संपत आली होती, म्हणजे हा शेवटचा पावसाळा. ते प्रकरण पडलं की प्रबंध लंगडा, आणि मधली सगळी वर्षं पिंजौरच्या बसमध्ये बसण्यात गेली असं म्हणायचं.

सरांनी अट घातली होती. "देखो, असं आहे ना, दोघांचे नर आण. एकाच गवतातले. मग मी पक्कं मानतो. नाही तर चॅप्टर काढ."

नरच का, तर नराच्या पोटाच्या टोकाला खालून एक बारीक डबीसारखा भाग असतो. त्याची कड प्रत्येक जातीत वेगळी, जशी प्रत्येक कुलपाच्या किल्लीची वेगळी. मादीवरून काही ठरत नाही. आणि एकाच गवतातले का, तर म्हणजे खाणं वेगळं होतं असं सरांना म्हणता येऊ नये. अट तशी बरोबर होती. फक्त ती घालणाऱ्यानं कधी गवत बघितलेलं नव्हतं.

आता चंदीगडमध्ये गवत शोधा. इथं गवत भरपूर, पण सगळं एनसीसीच्या पोराच्या डोक्यासारखं भादरलेलं. सेक्टर कुठलाही असो, गवत बोटभर झालं की मशीन घेऊन माणूस हजर. वाढलेलं गवत दिसलं की इथल्या लोकांना आपण कुठल्या तरी मागास गावात आलोय अशी भीती वाटते. ट्रॅकसूटमधले एक काका मला जाळी फिरवताना बघून थांबले, त्यांच्या लॉनमधले डासही पकडून देशील का विचारलं, आणि मी नाही म्हटल्यावर देशातल्या तरुणांबद्दल काहीतरी बोलत गेले.

शेवटी आमच्या संस्थेच्या गेस्ट हाऊसमागचा एक कोपरा मिळाला. माळीकाकांच्या हातापाया पडून तो तुकडा कापायचा नाही असं ठरवून घेतलं. ताईनं चारी बाजूंनी बांबूच्या काड्या रोवल्या, पांढरा दोरा बांधला, आतही दोऱ्याचे चौकोन केले. तिथं गवत वाढलं, तुरे आले, किडे आले. सरांनी त्या तुकड्याच्या परवानगीवर सही केली होती. बघायला ते आले नाहीत, गेस्ट हाऊसच्या पुढच्या दारानं चहाला मात्र यायचे.

चष्मेवाल्याचे नर ढिगानं मिळाले. एवढा मूर्ख किडा न मिळायला काय झालं. टाचणीवाल्याच्या मात्र सगळ्या माद्याच. एक नर आदल्या वर्षी मिळाला होता, तर मुंग्यांनी त्याचं बाकी सगळं सोडून नेमकं मागचं टोक खाल्लं. ताईचा अंदाज होता की नर गवताच्या बुडाशी बसत असावेत आणि आमची जाळी वरवर फिरते. पण बुडाशी हात घालून गवत उपटत बसलो तर तुकडाच संपणार. म्हणून आम्ही सकाळ-संध्याकाळ जाळी फिरवत राहिलो आणि पावसाळा संपत चालला.

त्यात गणपती आले. इथल्या मराठी मंडळाचा गणपती एका हॉलमध्ये बसतो. लष्करातले अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक, त्यांची कुटुंबं, सगळे नटून येतात आणि वर्षभर न बोललेली मराठी त्या दिवसांत संपवतात. सर मंडळाचे पदाधिकारी. त्यांनी मला न विचारता पहिल्या दिवशीच्या कार्यक्रमात माझ्या नकला ठेवल्या होत्या.

चतुर्थीला सुट्टी होती, पण किड्यांना कॅलेंडर नसतं, म्हणून सकाळी मी आणि ताई तुकड्यावर गेलो. तिथं तुकडा नव्हता. म्हणजे जमीन होती. गवत बुडाशी खुडून नेलेलं. काड्या उपटून एका बाजूला नीट रचलेल्या, दोऱ्याचं छान बंडल गुंडाळून त्यावर दगड ठेवलेला. एवढ्या टापटिपीनं कुणी कुणाचं वाटोळं केलेलं मी तोपर्यंत बघितलं नव्हतं.

माळीकाका म्हणाले, काल संध्याकाळी मराठी मॅडम लोक आल्या होत्या, पिशव्या घेऊन, फार अदबीनं बोलत होत्या. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दूर्वा. इथं सगळीकडे तेच गवत, पण भादरलेलं, तीन पात्यांचा लांब कोंब मिळेल तर शपथ. आणि इथं तर कुणीतरी दोऱ्याचं कुंपण घालून, कुत्री-मांजरं येणार नाहीत असं राखलेलं हिरवंगार दूर्वांचं शेत. मराठी माणूस सोडून जगात दुसऱ्या कुणालाही तो चौकोन बघून पूजा आठवली नसती.

ताई खाली बसली. उरलेल्या बुडख्यांवरून हात फिरवला. मग जाळी पिशवीत घातली आणि म्हणाली, "बस, हो गया. आज ही सर को बोल देती हूँ, चॅप्टर निकाल रही हूँ."

मी विनोद केला नाही, दोऱ्याचं बंडल उचलून तिच्या पिशवीत टाकलं. एवढी अक्कल मला आहे.

सुट्टी असल्यानं सर हॉलवरच भेटणार होते. म्हणून इतक्या वर्षांनी ताई माझ्यासोबत मंडळात आली. जीन्स, चिखलाचे बूट, खांद्याला तीच पिशवी. पैठण्यांच्या मधून ती चालत गेली तेव्हा दोन-तीन बायकांनी तिच्या बुटांकडे बघून एकमेकींकडे बघितलं. हे त्यांचं पाठांतर पक्कं असतं.

सर मोकळे नव्हते. ते माइकवर होते. आणि माइकवर सर म्हणजे छताकडे बघायला आणखी मोठं छत. आरतीआधी त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, मग मूर्तीसमोरच्या चांदीच्या ताटाकडे हात केला.

"देखो, आजच्या या दूर्वा, सगळ्याच्या सगळ्या, एकाच जागेच्या आहेत. गेस्ट हाऊसच्या मागे. कुणी तरी भक्तानं दोरा बांधून जपल्या होत्या. मी स्वतः खिडकीतून बघितल्या आणि बायकांना पाठवलं."

टाळ्या पडल्या. मी ताईकडे बघितलं. ती सरांकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी नवीन जात सापडल्यावर माणूस बघतो तसं ती बघत होती. दोन वर्षं ज्या तुकड्याचे फोटो त्यांना गेले, ज्यावर त्यांची सही होती, तो त्यांनी पहिल्यांदा बघितला तो चहाच्या कपावरून, आणि बघितल्या बघितल्या कापायला लावला.

तेवढ्यात ताटातल्या एका जुडीतून चष्मेवाला बाहेर आला. दूर्वांवरून उतरला, मोदकावर चढला आणि कळीच्या टोकावर जाऊन सगळ्यांना दिसेल असा बसला.

पूजेचं सगळं एका मॅडमच्या हातात होतं. एका कर्नलसाहेबांच्या पत्नी, हॉलमधल्या खुर्च्याही त्यांच्याकडे बघून सरळ व्हायच्या. मी त्यांना हळूच विचारलं, दूर्वा कशा ठेवल्या होत्या. त्या अभिमानानं म्हणाल्या की जुड्या बांधून, ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये, आत्ताच काढल्या. म्हणजे बाईंनी किडे सुन्न करायची जी पद्धत आम्ही लॅबमध्ये वापरतो तीच वापरली होती. गारठ्यानं ते पाती धरून बसले होते, आणि आता समईच्या उबेनं एकेक जागा होत होता. शिवाय बायकांनी दूर्वा खुडल्या होत्या त्या बुडापासून. जिथं आमची जाळी कधी पोचली नाही तिथून.

मी जुडीला हात लावला तसा माझ्या मनगटावर हात पडला.

"आंघोळ केलीयस का?" मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, केली, पण दूर्वांत किडे आहेत. मॅडमचा चेहरा बदलला. हॉलभर पाहुणे, त्यांची वर्षानुवर्षांची कीर्ती, आणि प्रसादावर ढेकण्या. त्यांनी इकडेतिकडे बघून खडीसाखरेची डबी रिकामी केली आणि माझ्या हातात कोंबली.

"गुपचूप काढ. पण एकही मारायचा नाही. विसर्जन होईपर्यंत इथला जीव मरता कामा नये."

आरती सुरू झाली. मी आणि ताई सगळ्यात पुढे, मूर्तीसमोर गुडघ्यांवर, ताटावर डोकं वाकवून. मागच्या लोकांना वाटलं असणार की या वयात काय ही भक्ती. आम्ही जुडी न् जुडी सोडत होतो. मी काढायचो, ताई भिंग लावून पोटाखाली बघायची आणि डबीत टाकायची. चष्मेवाला, नर. चष्मेवाला, नर. चष्मेवाला पडला, मेल्याचं सोंग केलं, शंखाच्या भोकात जाऊन बसला. टाचणीवाली, मादी. पुन्हा मादी. डबीतून असा वास यायला लागला की उदबत्ती लावणाऱ्या काकांनी आणखी चार पेटवल्या. जुड्या संपल्या. टाचणीवाल्याचा नर नव्हता.

ताईनं डबीचं झाकण लावलं. मी वर बघितलं. एक जुडी राहिली होती, मूर्तीच्या मुकुटावर वाहिलेली. तिच्यातून दोन टाचण्या टोचलेला एक तपकिरी दाणा खाली उतरला आणि सोंडेवर आला.

मी डावीकडे वाकलो. तो सोंडेच्या उजवीकडे गेला. मी उजवीकडे गेलो, तो डावीकडे. आरतीची शेवटची कडवी चालली होती आणि मी देवासमोर डुलत होतो. मूर्तीला धक्का लावायचा नाही हे मॅडमनी डोळ्यांनीच सांगितलेलं. ताईच्या लक्षात आलं. ती उठून मूर्तीच्या दुसऱ्या अंगाला गेली आणि हात जोडून उभी राहिली, बुटांसकट. मी इकडून सावली पाडली. तो माझ्यापासून लपायला नेहमीप्रमाणे पलीकडे सरकला, सरळ तिच्या ओंजळीत. एवढ्या बेरकी किड्याला एका वेळी दोन माणसांपासून लपायचं असतं हे काही सुचलेलं नव्हतं.

तिनं भिंग लावलं. लोक टाळ्या वाजवत होते, त्या देवासाठी होत्या.

"नर है," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं सरांना काहीच सांगितलं नाही. मी स्टेजवर गेलो आणि ट्रॅकसूटवाले काका, माळी, मशीनचा आवाज असल्या नकला करून खाली उतरलो. सरांची केली नाही. ती त्या दिवशी सरांनीच करून टाकली होती.

मंडळाचं विसर्जन दीड दिवसाचं. तोपर्यंत दोघं नर खडीसाखरेच्या डबीतून निघून लॅबमध्ये आपापल्या काचेच्या बशीत जिवंत होते, मॅडमच्या आज्ञेत. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं त्यांना थंड करून, उताणं करून सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवलं आणि सरांना बोलावलं.

सर वाकले. दोन वर्षांत पहिल्यांदा. बराच वेळ वाकून राहिले. फरक एवढा ठळक होता की आदल्या दिवशी मलाही पहिल्या नजरेत दिसला होता. चष्मेवाल्याच्या पोटाखालच्या डबीची कड मधून खोल खाचलेली, टाचणीवाल्याची सरळ, जेमतेम लाट आल्यासारखी. इथं चांगलं गवत आणि हलकं गवत काही कामाचं नव्हतं. सर सरळ झाले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. मी छताकडे बघायच्या क्षणाची वाट बघत होतो आणि तो आला.

"देखो, असं आहे ना. वेगळे दिसतात, मतलब, दिसतात. पण हे दोघं एकाच गवतातले, याचा पुरावा काय?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. नोकरी गेली तरी चालेल म्हणून मी घसा साफ केला. पण माझ्या बाजूनं आवाज आला. ताईनं हातातला चिमटा टेबलावर ठेवला होता. डोळ्यांवर नसलेला चष्मा काढला, ओढणीच्या टोकानं पुसला, छताकडे बघितलं.

"देखो, आजच्या या दूर्वा, सगळ्याच्या सगळ्या, एकाच जागेच्या आहेत. गेस्ट हाऊसच्या मागे. मी स्वतः खिडकीतून बघितल्या."

मराठीत. सरांच्या पुणेरी 'च'सकट, त्यांच्या राजम्यासकट, एक उच्चार इकडचा तिकडे नाही. मी दोन वर्षं त्यांची नक्कल करत होतो आणि ती त्यापुढे शाळेच्या गॅदरिंगची वाटली.

सरांनी पुन्हा सूक्ष्मदर्शकात बघितलं, बहुतेक दुसरीकडे कुठं बघायचं ते सुचलं नाही म्हणून. मग म्हणाले, ते तर आहेच, मी कधी नाही म्हटलं, आणि चॅप्टर ठेव. दाराशी जाऊन वळले आणि म्हणाले की नोंदीत नमुना कुणी गोळा केला तिथं माझंही नाव घाल, दूर्वा मीच आणवल्या होत्या.

ताईनं मान हलवली. विसर्जन झाल्यावर दोन्ही किडे स्पिरिटमध्ये गेले. चष्मेवाल्यानं त्यातही आधी मेल्याचं सोंग केलं. चिठ्ठीवर ताईनं गोळा करणाऱ्याच्या जागी माझं नाव लिहिलं, आणि जागेपुढे 'खुडलेलं गवत' एवढंच. सरांचं नाव तिनं प्रबंधाच्या आभारात टाकलं, खिडकीसाठी.

आता लॅबमध्ये कुणी पाहुणा आला की सर त्याला त्या दोन बाटल्यांपुढे उभं करतात आणि सांगतात की या दोन वेगळ्या जाती, आपण पहिल्यापासून म्हणत होतो. तो गेला की ताई तेच पुन्हा म्हणून दाखवते. मंडळानं पुढच्या वर्षीच्या नकलांसाठी मला परत विचारलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही, ताई स्टेजवर येणार असेल तरच म्हणणार आहे. पुढच्या रांगेतल्या बायकांना ताईच्या मराठीवर हसायचंच असेल, तर या वेळी ती ठरवेल त्या जागी हसतील.